दोन खाटांची खोली

शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावणाऱ्या बाईला सगळे आत्या म्हणत. सख्खा भाचा एकही नाही, पण हाक मात्र अख्ख्या खात्याची. घरी गेलं की तीही बंद. मग आत्या रेडिओ लावायची. ऐकायला नव्हे, घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी.

तिचं हक्काचं माणूस एकच, शेजारी बसून बटणांची काजं करणारी काजवाली. जेवणाच्या सुट्टीत दोघी डबे उघडायच्या आणि बोलता बोलता बेटावर निघायच्या. वर्षभर हाच उद्योग! दूरच्या समुद्रातलं नारळीचं बेट, तीनच दिवस, तेही गर्दी ओसरल्यावर, म्हणजे स्वस्तात. तिथल्या खोलीतली खिडकीकडची खाट कुणाची यावरून कडाक्याची भांडणं व्हायची. काजवाली घोरते, तेव्हा तिने कुशीवर झोपायचं, इथपर्यंत ठरलं होतं.

मग एक दिवस आत्याने मुकादमाच्या नाकदुऱ्या काढून दोघींची रजा मिळवली आणि डबा उघडता उघडता सांगितलं, आज संध्याकाळी खोलीचे पैसे भरून टाकू. काजवालीचा घास हातातच राहिला.

"अगं, मला वाटलं आपण नुसतं बोलतोय," ती म्हणाली.

तिच्या घरी नवरा, सासू, दोन पोरं. तिला कोण सोडणार होतं? तिचं तरी काय चुकलं म्हणा. पण आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस ती काजवालीशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी हट्टाला पेटून एकटीच निघाली. स्वस्तातली खोली दोघांचीच मिळते. एकट्या माणसाचा विचार करायला कुणाला वेळ आहे? दुसऱ्या खाटेवर तिने पिशवी ठेवली.

बेट मात्र सुरेख होतं, खोटं कशाला बोला. हिरवंगार पाणी, कोमट, गुडघ्यांशी खेळणारं. "बाई गं, बघ तरी," असं ती मोठ्याने बोलून गेली आणि मागे वळली, तर किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. तिथेच वाळूत बसून ती हमसून हमसून रडली. उरलेले दिवस तिने कसेबसे ढकलले.

कामावर परतली त्या दुपारी काजवाली आपणहून डबा घेऊन जवळ सरकली. तू नव्हतीस तर अन्न गोड लागेना, म्हणाली. मग जरा चाचरत तिने विचारलं, "एकटीच गेली नाहीस ना गं?"

खरं सांगावं, तर बेट तिथेच संपलं. मग उद्यापासून दोघींनी बोलायचं तरी कशावर?

"छे, भावाकडे होते," आत्या म्हणाली.

काजवालीचा चेहरा एकदम खुलला. तिने आपल्या डब्यातली भाजी आत्याच्या झाकणात वाढली. "मग मला सांग, तिथलं पाणी गार असेल की कोमट?"

आत्याने भाजीचा घास घेतला.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "जाऊ तेव्हा कळेल."