लंगडं मेंढरू अन् मास्तरची गल्ली

हर्सूलपासून सिल्लोडपर्यंत माझ्याएवढं चाललेलं माणूस तुम्हाला घावायचं नाय; चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडलोय मी. अन् पाय दुखायला लागले त्या साली घरातून कोपऱ्यावरच्या पानटपरीला जायचं तर मधी दोनदा बसावं लागायचं.

पोटरी अशी आवळायची, जसं कुणी आतून दावं बांधलंय. थांबलं की सुटायचं, निघालं की पुन्हा आवळायचं. डॉक्टर म्हणले, बिड्या वढून पायाच्या नसा बुजल्यात, बिडी सोड अन् चाल. मी म्हणलं, "साहेब, चालता येत नाय म्हणून तर आलो." ते हसले नाय.

दवाखान्यातल्या एक मॅडम असल्या लोकांना रोज सकाळी तळ्याकाठी चालवायच्या. आम्ही आठ-नऊ जण. नियम एकच. पाय चांगला दुखेपर्यंत चालायचं, कळ जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. म्हणायच्या, तेवढं दुखलं तरच रक्त बाजूच्या बारक्या नसांतून वाट काढतं.

तिथं माझी जोडी जमली एका शिंपी मास्तरसंगं. मुसलमान माणूस, शहागंजाकडं गल्लीत दुकान. त्या गल्लीत रिक्षा शिरत नाय. पोरांनी सांगितलेलं, "अब्बा, तीन महिन्यांत गल्ली पायी चालून दाखवा, नायतर दुकान दुसऱ्याला देऊ." मास्तर मला म्हणायचे, "घरी बसलो तर खल्लास समज यार."

आता मी काय केलं ते ऐका. मेंढरू लंगडायला लागलं की त्याला चालवत नसतात. बसवायचं, बारकं असलं तर खांद्यावर घ्यायचं. मला वाटलं, ही मॅडम शहरातली पोर, हिनं कधी मेंढरू तरी पाहिलंय का? म्हणून पोटरीत जरा कुरकुर झाली की मी मास्तरला बाभळीखाली बसवायचो. पण मला दुखतंय म्हणायची लाज, म्हणून किस्सा काढायचो. वेरूळला माझ्या बकरीनं एका गोऱ्या पाहुण्याची टोपी खाल्ली, अन् चोर म्हणून लोकांनी धरलं मला. धोतर झटकून दाखवावं लागलं भर रस्त्यात. मास्तर डोळे पुसत हसायचे, तवर माझी पोटरी गप व्हायची. वरून मी म्हणायचो, "लंगडं जनावर बसवावं मास्तर. भरोसा ठेवा माझ्यावर." त्यांनी ठेवला.

दोन महिन्यांनी मॅडमनी मोजलं, न थांबता कोण कुठवर जातं. पहिल्या दिवशी पहिल्याच विजेच्या खांबाला बसलेली एक म्हातारी पार बंधाऱ्यापर्यंत गेली. मास्तर अन् मी तिसऱ्या खांबाला. जिथं पहिल्या दिवशी होतो तिथंच.

"काका, तुम्ही दोघं थांबता तरी कुठं?" मॅडमनी विचारलं.

मी किस्सा काढणारच होतो, पण मास्तरकडं बघितलं. ते खांबाला हात लावून उभे होते. हळूच म्हणले, "एकच महिना राहिला."

मग मी सगळं ओकलो. मेंढरू, बाभळ, लाज, सगळं. मॅडम म्हणल्या, "काका, मेंढराच्या खुराला लागलेलं असतं. तुमच्या पायाला रक्तच पोचत नाही. त्याला बसवून कसं चालेल?"  मास्तरनं चार दिवस माझ्याकडं बघितलं पण नाय. पाचव्या दिवशी म्हणले, "चल. पण तोंड बंद."

महिनाभर मी गप चाललो. बायकोला खरं वाटंना, ती एक दिवस मुद्दाम बघायला आली. चौथ्या खांबाला डोळ्यात पाणी यायचं, तरी पाचवा गाठायचा. तिथं दोघं खांब धरून उभे, जसे खांब पडू नये म्हणून नेमलेले.

मग गल्लीचा दिवस आला. तोंडाशी मास्तरचा थोरला पोरगा उभा. मास्तर पुढं, मी मागं. मधी मास्तर थांबले, भिंत धरली. पोरगा पळत आला, "अब्बा, राहू द्या, परत चला." माझ्या जिभेवर टोपीवाली बकरी आलती. मी जीभ चावली. मास्तरनं हात वर केला, थांब म्हणून. कळ जाईपर्यंत उभे राहिले अन् निघाले. थेट दुकानापर्यंत. शटर पण स्वतः वर केलं.  पोरगा आत जाऊन मशीनवरची धूळ पुसायला लागला.

हे सगळं मी लांबून बघितलं, कारण मी अजून वाटेतच एका घराच्या पायरीवर पोटरी धरून बसलेलो.

पोचलो तेव्हा मास्तर सुईत दोरा ओवत होते. मी धापा टाकत म्हणलं, "चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललो मास्तर, पण आजच्यासारखं..."

मास्तरनं मान पण वर केली नाय.

"मागंच चाललास ना? वाट मेंढरांनाच ठाऊक होती. तुला नाय."