निळ्या गाठीचा ब्लाउजपीस

मला नको तिथे चौकशा करायची खोड आहे, आणि पोटही त्यावरच भरतं. कन्नड मुलखात पीण्या नावाची औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या एका लहानशा कारखान्यात पंपाचे सुटे भाग तपासायचं माझं काम. बरा असला तर पास, नसला तर रिजेक्ट, आणि प्रत्येकावर एक बारीक खूण. उद्या तक्रार आली तर खुणेवरून कळतं, कुठला माल कुठे गेला. सांगली सोडताना आई म्हणाली होती, परमुलखात चाललीस, जरा तोंड सांभाळ. पण तोंड सांभाळायला आधी कुणाशी बोलता तर यायला हवं! 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्या दोन कन्नड शब्दांवर मी पहिले कित्येक दिवस बस, भाजी आणि शेजार निभावला.

मग येलहंक्याला खोली मिळाली आणि खोलीबरोबर अक्का मिळाली. ती खाली घरमालकीण, मी वर भाडेकरू. तिच्या घराण्याला इकडे येऊन किती पिढ्या झाल्या ते तिलाही सांगता येत नाही, पण घरात मराठीच. अशी मराठी मी कधी ऐकली नव्हती. निम्मी जुनी, निम्मी कन्नड, आणि सगळी गोड. सकाळी जिन्यातून तिची हाक यायची, "काफी झाली गे, ये." महिनाभरात 'अहो अक्का'चं 'ए अक्का' झालं. मला ताप आला तेव्हा चार दिवस दोन्ही वेळा सारभात घेऊन ती गुडघे धरत जिना चढली. या शहरात माझं म्हणावं असं माणूस ते एकच.

आता खोडीकडे येते. इथेही आपल्यासारखंच आहे. शुक्रवारी कुणाकडे गेलं की हळदकुंकू, विड्याची पानं, केळं आणि एक ब्लाउजपीस हातात पडल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. आणि तो पीस कुणी शिवत नाही, हेही आपल्यासारखंच. तो कपाटात जातो आणि पुढच्या शुक्रवारी दुसरीच्या ओटीत पडतो. मी गल्लीत एकीला दिलेला पोपटी पीस चार महिन्यांनी मलाच परत आला, कोपऱ्यातल्या हळदीच्या डागासकट. मला हसू आवरेना. मधल्या काळात तो किती घरं हिंडला असेल? कोणी कोणाला दिला असेल? रात्रंदिवस तेच डोक्यात.

मग काय, कारखान्यातली सवय घरी आणली. एक छानसा आमसुली पीस विकत घेतला, काठाच्या आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याची बारीक गाठ मारली आणि श्रावणातल्या शुक्रवारी अक्काला दिला. अक्काच का, तर तिचं जाणंयेणं सगळ्या घरांत. तिच्या हातून पीस झपाट्याने फिरेल असा माझा हिशोब.

त्यानंतर मी एकही बोलावणं सोडलं नाही. गौरीला गेले, नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या बघायला पाच घरी गेले. घरी आलं की आधी पिसाचे कोपरे उलटून बघायचे. चॉकलेटी आले, राखाडी आले, पोपटी तर पुन्हा आला. आमसुली काही येईना. हळूहळू मजा संपली आणि मनात किल्मिष आलं. अक्काने तो लांबच्या कुणा नातेवाइकाला देऊन टाकला असणार. माझ्या पिसाची किंमत तेवढीच! स्वतःच फिरवायला दिला होता हे सोयीस्कर विसरून मी मनातल्या मनात फुगले.

संक्रांतीला तीळ द्यायला खाली गेले तर अक्काच्या अंगात आमसुली ब्लाउज. मी बघतच राहिले. तिने बाहीचं टोक उलटून दाखवलं. आत निळी गाठ.

"टेलर काढायला बघत होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे. माझ्यासाठी म्हणून पोरीने खूण बांधलीय. हा फिरवायचा पीस नव्हे."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही, आणि खोटं मोठेपण घेताना लाजही वाटली. सगळं सांगून टाकलं. पोपटी पीस, कारखान्यातली खूण, पाच घरच्या बाहुल्या, सगळं. वाटलं, हसेल.

"म्हणजे माझी तपासणी केलीस?" तिने विचारलं. मग म्हणाली, "सरी." आणि तिळाची वाटी घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी जिन्यातून हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माफी मागायला खाली गेले तर दारातच म्हणाली, "या, बसा." चांगल्या कपबशीत काफी दिली, बिस्किटं दिली, कारखान्याची चौकशी केली. पाहुण्याची करतात तशी. त्या 'या'ने माझं काळीज चिरलं. भांडली असती तर बरं झालं असतं. वर येऊन मी लहान पोरीसारखी रडले. लोखंडाला खूण केली तर त्याला काही वाटत नाही, पण ही अक्का होती, आणि एवढी साधी गोष्ट मला कळू नये!

असे तीन आठवडे गेले. मग एका शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून येऊन चप्पल काढत होते, तर जिन्याखालून आवाज आला, "कुंकू लावून जा गे."

झालेल्या गोष्टीचं नावही तिने काढलं नाही. हळदकुंकू लावलं, पानं दिली, केळं दिलं आणि एक पिवळाधमक पीस हातात ठेवला. वर येऊन ट्यूबलाइटखाली मी त्याचे चारही कोपरे तपासले. एकदा नाही, तीनदा. गाठ नाही, टाका नाही, काही नाही. आणि मग स्वतःचीच शरम वाटली. पुन्हा तेच करत होते. हा ठेवायचा की फिरवायचा, हे आता पिसावर लिहिलेलं असणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तो टेलरकडे टाकला. पिवळा रंग मला अजिबात शोभत नाही, तरी टाकला.

दहा दिवसांनी तो ब्लाउज घालून खाली उतरले. अक्का तांदूळ निवडत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चष्मा नाकावर ओढला, माझा हात धरला आणि बाहीचं टोक उलटून आतली शिलाई नीट, सावकाश तपासली.

"पास," ती म्हणाली. "बस आता. काफी आणते तुझी."