स्लॅबला आलेलं पोट

आमच्या ओसरीच्या स्लॅबला एका कोपऱ्यात पोट आलेलं आहे. दोन बोटांचं असेल. नवा माणूस आला की वर बघतो आणि मिस्त्री कोण होता म्हणून विचारतो. चूक मिस्त्रीची नव्हती, माझी होती.

आमचं घराणं मेंढरं राखणारं. लग्नानंतर बरीच वर्षं मी मेंढरांमागं चालले, पालात राहिले. पुढं कळंबजवळ शेती धरली, ऊस लावला, पत्र्याचं घर झालं. दोन वर्षांपूर्वी मुलानं पक्कं घर काढलं. कॉलम उभे राहिले तेव्हा भावकी रोज बघायला यायची. मला त्यात बघण्यासारखं काही दिसत नव्हतं. घर म्हणजे भिंती, असं मी धरून चालले होते.

सेंट्रिंगचा मिस्त्री बारामतीकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "आज्जी, भिंती नुसत्या आडोशाला. भार सगळा कॉलमवर."

"आन् स्लॅब वला आसतो तवा?"

"तवा ह्या टेकूंवर."

स्लॅब ओतायच्या लोखंडी प्लेटांखाली त्यानं लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले होते. प्रत्येकाच्या बुडाशी पाचर ठोकून तो घट्ट केलेला. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

स्लॅबच्या दिवशी गड्यांना मटणाचं जेवण द्यायची आमच्याकडे रीत आहे. मुलानं निमगाव केतकीच्या बाजारातून एडका आणला, चांगला शिंगांचा मेंढा. रात्री लिंबाला बांधला होता. सकाळी काँक्रीटचा मिक्सर नेमका लिंबाखाली लावला. मी एडका सोडला आणि सावली बघून ओसरीत नेला. तिथं कोपऱ्यातल्या टेकूला बांधला. उभं लाकूड दिसलं की दावं बांधायचं, ही हाताची सवय. मग मागच्या बाजूला वाटण वाटायला बसले.

एडका घाबरला की शेळीसारखा ओरडत बसत नाही. दोन पावलं मागं सरतो आणि समोर असेल त्याला डोकं देतो. मिक्सर सुरू झाला, वर घमेली पडायला लागली, आणि त्याच्या समोर टेकू होता. धाडधाड आवाज मला ऐकू आला. मला वाटलं मिक्सरच आहे.

कोपऱ्यातून सिमेंटचं पाणी गळताना मिस्त्रीनं पाहिलं आणि मिक्सर बंद करायला लावला. मी धावत पुढं आले. टेकू कलला होता, पाचर दूर पडली होती, वरची प्लेट खाली आली होती. दाव्याची गाठ घसरून एडका निसटला होता. पांढरी पाठ उसात शिरताना मी एकटीनं पाहिली.

मिस्त्री स्वतः खाली शिरला. वरच्या गड्यांना त्यानं तेवढ्या जागचा माल फावड्यानं बाजूला ओढायला सांगितला. जॅक लावून प्लेट उचलली, टेकू सरळ केला, पाचर ठोकली. सगळा घामानं भिजला होता. तो बाहेर येताच मुलगा त्याच्या अंगावर गेला.

"पाचर ठोकली व्हती का न्हाय?"

"ठोकली व्हती."

"मंग आपसूक निसटली व्हय?"

भावकीतले एक तात्या तिथंच उभे होते. त्यांच्या घराचं काम पुढच्या महिन्यात ह्याच मिस्त्रीला द्यायचं ठरलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं डोळ्यांनी बघितलं. आमी दुसरा माणूस बघतो."

सुनेसमोर तोंड उघडायचं जिवावर आलं होतं. मिस्त्री खाली बघत म्हणाला, "माझंच ध्यान ऱ्हायलं नसंल."

ते मला ऐकवलं नाही. मी म्हटलं, "पाचर ठोकलेली व्हती. मी एडका बांधला व्हता तितं."

मग तात्या हसले. "जलम मेंढरात गेला वहिनी, आन् एडका टेकूला?"

सून म्हणाली, "आत्या, माझ्या हातनं कप फुटला तर आठ दिस बोलता. तुमी घरच पाडाय निघालाव."

बोलली ते खरंच होतं. मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "एडका कुठाय?"

"उसात."

जेवण त्याच्यावर अवलंबून होतं, त्यामुळं दोन गडी लगेच उसात शिरले. मिक्सर पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या प्रहरी स्लॅब पुरा झाला. जेवताना मिस्त्री म्हणाला, "आज्जी, ह्या एडक्यानं माझं नाव घालवलं असतं. हाडाची नळी मलाच वाढा." मी दोन वाढल्या.

पुढं स्लॅबखालच्या प्लेटा काढल्या तेव्हा ते पोट दिसलं. मिस्त्री म्हणाला, गिलाव्यात झाकून टाकतो. मी नको म्हटलं. जाड गिलावा कधीतरी खाली पडतो, आणि त्याखाली माझी बाज असते.

तात्यांच्या घराचं काम त्यालाच मिळालं. त्यांच्या स्लॅबच्या दिवशी मी भाकरी थापायला गेले. मला बघून तो बल्लीवरून हात न काढताच म्हणाला, "आज्जी, आजचा एडका कुठं बांधलाय?"

मी म्हटलं, "तुझ्या मोटारसायकलीला."

तो बघून आला.