ढिगाची साल

ताईकडे जायचं म्हटलं की मामा अंग असं घासायचा, की बायको बाहेरून ओरडायची, "अहो, अंघोळ करताय की भांडी घासताय?" सगळे त्याला मामाच म्हणायचे, कामावरचेसुद्धा.

या घासण्याचं कारण त्याची नोकरी. शहराचं मैलापाणी जिथे जातं, त्या केंद्रात तो गाळाचं खत करायचा. थोरल्या बहिणीला मात्र सांगून ठेवलेलं, "पाणी खात्यात आहे." आता मैलापाण्यातही पाणी असतंच की! अशी स्वतःची समजूत घालून गड्याने सगळी नोकरी काढली.

काम मात्र चोख. गाळात लाकडाचा भुसा मिसळून ढीग रचला, की तो आतून इतका तापतो की हात घालवत नाही. त्या आचेत रोगजंतू, जंतांची अंडी, सगळं मरतं. ढीग 'शिजला', असं तिथे म्हणतात. पण शिजतं ते पोट. वरची साल गार, म्हणजे कच्चीच. म्हणून ढीग पुन्हा पुन्हा उलथायचा, साल पोटात घालायची. न उलथता कुणी साल उचलली, तर मामा त्याची बिनपाण्याने हजामत करायचा.

आणि एकदा ती साल त्यानेच उचलली. ताईला परसात गाजरं लावायची होती. "चांगलं खत मिळेल का रे कुठे?" म्हणाली. मामाला कामावरून परस्पर तिच्याकडे जायचं होतं. ढिगाचं पोट फोडलं की वाफ उठते, कपड्यांत वास बसतो. साल कशी कोरडी, बिनवासाची! पठ्ठ्याने सालच गोणीत भरली आणि "गोठ्यातलं आहे" म्हणून ताईच्या दारात ठेवली. वास नाही म्हणजे भीती नाही, असं मनाला बजावलं. अरे, वासाचा आणि अंड्यांचा काय संबंध? हे त्याला नाही कळणार तर कुणाला?

गाजरं तयार झाली तेव्हा भाची आईकडे आलेली होती, दिवस भरत आलेले. तिने मामासमोरच एक गाजर उपटलं, फडक्याला पुसलं आणि "मामा, तुझ्या खताची करामत बघ!" म्हणत तोंडाशी नेलं.

"टाक ते!" मामाने फटका मारून गाजर उडवलं.

मग सगळं सांगावं लागलं. गाळ, साल, पाणी खातं, सगळं. नजर काही पायांवरून वर येईना. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं त्याला.

"आधी कुणी खाल्लं नाही ना?" मामाने विचारलं.

"आम्ही नाही. पण अर्धी गोणी मी शेजारी दिली होती, त्यांनीही गाजरंच लावलीत." ताई म्हणाली. "आणि हे कशापायी केलंस? माझ्याकडे येताना अंगाला वास नको म्हणून?"

मामाने मान डोलावली.

"मेल्या, तुझी दुपटी धुतलीत मी. मला कसला आलाय तुझा वास?"

मामाला रडूच फुटलं. तोंडावर पाणी मारून तो तसाच शेजारच्या दारात गेला.

"या, या, पाणी खातं!" शेजारी हसत म्हणाले.

"पाणी खातं नाही. मी मैल्याचं खत करतो. ताईने दिलं ते माझंच होतं, आणि ते कच्चं होतं. गाजरं खाल्लीत का?"

शेजाऱ्यांनी हातातल्या अर्ध्या गाजराकडे पाहिलं.