घोंगडीला ऊन दाखवलं

मुंजाबा विद्यापीठाच्या कलादालनात शिपाई होता. एकोणीस वर्षांत त्यानं चित्रं, पुतळे, हिमरू शाली असं पुष्कळ काही राखलं, ते एकाच वाक्यावर: "हात लावू नका." हे वाक्य त्यानं एकदा कुलगुरूंनाही ऐकवलं होतं. नंतर माफी मागितली, पण ऐकवलं होतं.

यंदा लोकरीच्या वस्त्रांचं प्रदर्शन भरलं. समोरच्या भिंतीवर, दिव्याच्या झोतात, पुण्याच्या एका संग्राहकाची जुनी काळी घोंगडी टांगली. खाली पाटी: 'कारागीर अज्ञात.'

मुंजाबाची माय म्हाळसाबाई तेव्हा त्याच्याकडंच होती. कन्नड तालुक्यातली, सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. महिन्यापूर्वी तिचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशन उत्तम झालं आणि तिथंच घात झाला. बाईला सगळं दिसायला लागलं. सुनेच्या ओट्यावरचा डाग, लेकाचं टक्कल, शेजारणीच्या साडीचं भोक. आणि दिसलं की बोलणं आलंच. सून रत्नमाला बजाजनगरला कंपनीत जायची. म्हातारीला एकटं ठेवलं तर गल्लीत भांडणं लागतील, म्हणून उद्‌घाटनाच्या दिवशी मुंजाबानं तिला काळ्या चष्म्यासकट दालनात आणून स्टुलावर बसवलं.

"माय, हितनं हलू नको."

"मी काय लेकरू हाय व्हय?"

पाहुणे यायला थोडा वेळ होता. प्रदर्शन मांडणाऱ्या प्राध्यापक सुकेशनी मॅडम फितीसाठी कात्री शोधत होत्या. मुंजाबाही शोधायला ऑफिसात गेला. परत येतो तर भिंत मोकळी! स्टूल भिंतीला टेकलेलं, आणि बाहेरून धपाधप आवाज.

पायऱ्यांच्या कठड्यावर, भर उन्हात घोंगडी पसरली होती आणि म्हाळसाबाई तिला झाडूच्या दांड्यानं बडवत होती.

"माय! लोकाची अमानत हाय ती!"

"अमानत कसली? कसर लागलीय हिला, किडे लोकर खायलेत. आठ दिसांत चाळण होईल. अन् टांगली कोण्या येड्यानं? शिवण भाईर, उलटी!"

"मॅडमनी," मुंजाबा पुटपुटला. मॅडम त्याच्या मागंच उभ्या होत्या.

तेवढ्यात कुलगुरूंची गाडी आली. ते उतरले, दोन क्षण पाहत राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा! प्रात्यक्षिक ठेवलंय?"

"हो सर," मॅडम म्हणाल्या.

"टाळ्या काय वाजिवता?" म्हाळसाबाई म्हणाली. "धरा ते टोक."

कुलगुरूंनी टोक धरलं. घोंगडी झटकली गेली आणि ते लागोपाठ चार वेळा शिंकले. फीत कापायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

संध्याकाळी मॅडमनी घाबरत पुण्याला फोन केला. संग्राहक आधी तडकले. कसरीचे फोटो पाहिल्यावर मात्र नरमले, कारण त्यांच्या कपाटात अशाच आणखी सात घोंगड्या होत्या. "आजी पुण्याला येतील का?"

"नाय," म्हाळसाबाई म्हणाली. "त्यालाच म्हणा, घिऊन ये. कडूलिंबाचा पाला बी आण म्हणा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मुंजाबाला विचारलं, "घोंगडीला खळ कशाची देतात हो?"

"चिंचोक्याची," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्या इमारतीत कुणी त्याला चहाशिवाय काही विचारलं नव्हतं. तो इतका खुलला, की मेंढी कातरण्यापासून सांगत बसला आणि मॅडमचा तास बुडाला.

रविवारी संग्राहक गाडी भरून घोंगड्या घेऊन आले. म्हाळसाबाईनं त्यांना बसूही दिलं नाही. हातात दांडा दिला आणि कठडा दाखवला.