गळ्यात पडल्याशिवाय गाणं नाही

माझ्या मैत्रिणीइतकं आत्मविश्वासानं रडणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं झालं नाही. जिल्हा तेव्हा नवाकोरा होता, म्हणून स्पर्धा कमी होती असं कुणी म्हणेल. पण जुन्या परभणी जिल्ह्यातही तिला जोड मिळाली नसती, हे मी छातीठोकपणे सांगते. सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरून ती जीपला लोंबकळत कॉलेजात यायची. तांड्यावर मुलगी सासरी निघाली की आई, मावशी, बहीण अशा एकेकीच्या गळ्यात पडून गाते आणि गाता गाता रडते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. तो लग्नाआधी शिकावा लागतो, आणि आसपासच्या सगळ्या लग्नाळू पोरींना तो शिकवायचं काम माझ्या मैत्रिणीनं कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

वर्गात हजेरी व्हायची तेव्हा आम्ही "हजर" म्हणायचो, ही तान घ्यायची. एसटी चुकली तर गेलेल्या एसटीला उद्देशून दोन ओळी गायची. लग्नाला ती अक्षता टाकायला नाही, नवरीचं रडणं तपासायला यायची. माझ्या ताईच्या पाठवणीत ताई बिचारी रुमालात मुसमुसत होती, ते हिला बघवेना. "असं काहून रडून राहिली ताई? मागच्याइला ऐकू बी येईना!" म्हणत ती ताईच्या गळ्यात पडली आणि अशी गायली, की वऱ्हाडातल्या माणसांनी हातातले घास खाली ठेवले. ताईची सासू पुढे कितीतरी वर्षं "तुमची ती धाकटी कशी आहे?" म्हणून विचारायची. धाकटी मी, पण चौकशी माझी नसायची.

मराठीच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं, की पुण्याकडे एक नाट्यशाळा आहे, तिथं संगीत नाटक शिकवतात. म्हणजे बोलता बोलता गायचं, गाता गाता रडायचं. ही उठून उभी राहिली. "सर, हे तं आमी जलमापासून करून राहिलो. तिथं शिकवाया बोलवून राहिले का शिकाया?" घरी मात्र एवढं सोपं नव्हतं. वडील कमी बोलणारे. ते म्हणाले, "एक बार जाऊन ये. घेतलं तं शिक. न्हाई घेतलं तं या उन्हाळ्यात लगीन. पाव्हने पाहून ठेवले." त्यावर हिचं उत्तर, "पाव्हन्याइला सांगा, दुसरीकडं बघा म्हनावं."

सोबतीला म्हणून मला नेलं. परीक्षेच्या खोलीत तीन परीक्षक बसले होते. मधल्या बाई वयस्कर, कडक इस्त्रीची साडी आणि चेहरा त्याहून कडक. जमिनीवर खडूची रेघ होती. तिच्यामागे उभं राहून, समोर कुणीतरी आहे असं मानून, गायचं होतं. हिनं इकडेतिकडे पाहिलं. "समोर कोनी न्हाई तं सांगू कोनाला?" असं म्हणून तिनं रेघ ओलांडली, टेबलाला वळसा घातला आणि थेट बाईंच्या गळ्यात पडून ढावलो सुरू केला. मी दारातच डोळे मिटून घेतले. उन्हाळ्यातलं लग्न, पाहुणे, मांडव, सगळं मला तिथंच दिसायला लागलं. डोळे उघडले तेव्हा बाईंच्या साडीचा चोळामोळा झाला होता आणि त्यांचा हात हिच्या पाठीवरून फिरत होता. गाणं संपल्यावर बाईंनी चष्मा पुसला आणि आवाजात जरब आणायचा प्रयत्न केला. "रंगमंचावर असं कुणाच्या गळ्यात पडून गाता येत नाही."

"येतं की बाई," ही म्हणाली, "आत्ताच तं गायले!"

तिला घेतलं. ती निघाली त्या दिवशी तांड्यावरच्या झाडून सगळ्या बाया फाट्यावर आल्या होत्या. एसटी आली आणि तिच्या आईनं तिला मिठी मारली, तोंड उघडलं, आणि थांबली. येत होतं ते सगळं गाणं सासरचं. त्यात सासू होती, दीर होते, नवं घर होतं. शिकायला निघालेल्या पोरीचं गाणं कुणालाच येत नव्हतं, कारण तशी पोरगी आजवर तिथून निघालीच नव्हती. आईनं माझ्याकडे पाहून विचारलं, "शाळंला चालल्या पोरीला काय म्हनून रडावं, बाई?" मला काय ठाऊक! कंडक्टरनं घंटी मारली. ती आत चढली, खिडकीतून हात हलवत राहिली, आणि एसटी वळणाआड गेली.

मग आईला गाणं सुचलं. रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून तिनं ते म्हटलं, आणि बाकीच्या बाया मागून म्हणू लागल्या. त्यांच्या बोलीतलं मला फारसं कळलं नाही, पण 'शाळा' हा शब्द दोनतीनदा आला एवढं नक्की.

पुढे मैत्रिणीची नाटकं गाजली. अजूनही भेटली की ती विचारते, "याडी काय गायली होती गं त्या दिशी?" याडीला, म्हणजे तिच्या आईलाच, विचारलं तर ती हसून म्हणते, मी कुठं गायले! मला त्याची चाल पाठ आहे. पण ती म्हणून दाखवण्यासारखा गळा माझ्याजवळ नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.