खाम नदीचा नावाडी

बन्सीला नावाड्याची नोकरी लागली तेव्हा खाम नदीत शेळ्या चरत होत्या. दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. पण शहर वाढत होतं, आणि वाढत्या शहराला नौकाविहार हवाच, असं इंद्रजीतसाहेबांच्या नदी समितीनं ठरवलं होतं. लहानपणी पैठणकडं धरणात थर्माकोलचा चप्पू, म्हणजे छोटा तराफा, वल्हवलेला बन्सी त्यांना आयताच सापडला.

काठावर पायऱ्या बांधल्या, फाटक बसलं, पाटी लागली: ‘नदी सर्वांसाठी खुली. लाइफ जॅकेटशिवाय उतरू नये.’ बन्सीसाठी नियम म्हणजे नियम. कोरड्या पात्रात क्रिकेट खेळणाऱ्यांनाही तो जॅकेट घालायला लावायचा. स्वतःचं तर तो जेवतानाही काढत नसे.

उद्घाटन नीट पार पडलं की त्याला पर्मनंट करणार होते. पण उद्घाटनाला पाणी आणायचं कुठून? साहेबांनी पायऱ्यांपुढं खड्डा खणला, शेततळ्याचा प्लास्टिक कागद अंथरला आणि टँकरवर टँकर रिकामे केले. हार घातलेली नाव डौलात तरंगली. फोटोसाठी साहेबांना एकट्यानं वल्हवायचं होतं, म्हणून बन्सी फाटकावर उभा राहिला.

तेवढ्यात वस्तीतल्या बाया हंडे घेऊन आल्या. दहा-दहा दिवस नळ न येणारी वस्ती ती, टँकर तिच्या नजरेतून सुटतो होय? सगळ्यांत पुढं बन्सीची बायको, आवडाबाई.

“आवं, फाटक उघडा की.”

“आज नको, आवडा. नोकरी जाईल माझी.”

“पाटीवर काय लिव्हलंय? सर्वांसाठी! आम्ही हावोत का नाय त्यात?”

बन्सीनं पाटीकडं पाहिलं. रोज सकाळी तोच ती पुसायचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“जॅकेट घालून उतरा,” तो म्हणाला आणि त्यानं फाटक उघडलं.

लुगड्यांवर केशरी जॅकेटं चढली. जॅकेटं कमी पडली, तेव्हा वर आलेलीच्या अंगातलं काढून बन्सी खाली जाणारीला घालू लागला. हंडे भरत होते, साहेब फोटोसाठी हसत होते, आणि नाव हळूहळू खाली बसत होती. शेवटी ती कागदावर टेकली.

“बन्सी, फाटक लाव! बुडालो मी!” साहेब ओरडले.

“साहेब, घोट्याइतकं बी पाणी नाय आता. चालतच या.”

दुपारपर्यंत नोकरी गेली. घरी येऊन बन्सी तोंड पाडून बसला. आवडाबाईनं त्याला न्हाणीत नेऊन बसवलं आणि डोक्यावर भरलेला तांब्या ओतला, मग दुसरा. कितीतरी दिवसांनी अंगाला पाणी लागत होतं. बन्सीला रडू फुटलं.

“जॅकेट तरी काढा आता,” ती म्हणाली.